खोड, सवय आणि शिक्षकाचे लक्ष

(कुरुंदा येथे भरलेल्या प्राथमिक शिक्षकांच्या मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



‘जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही’ ही म्हण शाळेच्या ओसरीवर पुष्कळदा ऐकू येते. एखादा मुलगा जागेवर बसत नाही, एखादी मुलगी विचारल्यावर तोंड उघडत नाही, एखादा शेजाऱ्याची पेन्सिल हिसकावतो, तर एखाद्यास पुस्तक काढावयास सांगितले की पोटदुखी आठवते. चार-सहा महिने उपाय करून थकलेला शिक्षक अखेर ही म्हण उच्चारतो आणि मनातल्या मनात त्या मुलाच्या नावावर रेघ ओढतो. ही रेघ हजेरीपटावर दिसत नाही; परंतु ज्याच्या नावावर ती ओढली गेली, ते मूल वर्गात बसूनही हळूहळू शाळेबाहेरचे होऊ लागते आणि एके दिवशी खरोखरीच शाळा सोडते.

वर्तनाचा शास्त्रीय अभ्यास गेली सव्वाशे वर्षे चालू आहे. त्यातून हाती आलेला निष्कर्ष ह्या म्हणीच्या उलट आहे. खोड टिकते, ती तिला काही ना काही फळ मिळत राहते म्हणून. हे फळ कोण देतो, ह्याचा शोध घेऊ लागले म्हणजे पुष्कळदा बोट शिक्षकाकडेच वळते. शिक्षकाच्या मनात तसे नसते. तो तर खोड मोडावयास निघालेला असतो. तरीही त्याच्याच हातून तिला रोज पाणी घातले जाते. हे कसे घडते आणि तेच पाणी चांगल्या सवयीच्या मुळाशी कसे वळवावे, एवढाच आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

परिणामाचा नियम

एडवर्ड थॉर्नडाइक ह्या अमेरिकन संशोधकाने १८९८ साली भुकेल्या मांजरांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. मांजर एका पेटीत कोंडावयाचे आणि खाद्य बाहेर ठेवावयाचे. आतील दोरी ओढली किंवा खटका दाबला की दार उघडे. पहिल्या खेपेस मांजर ओरबाडी, चावे, फटीतून अंग घुसवू पाही. ह्या धडपडीत केव्हातरी चुकून खटका दाबला जाई. तेच मांजर पुनःपुन्हा पेटीत ठेवले असता निरुपयोगी धडपड कमी होत गेली आणि दार उघडण्यास लागणारा वेळही उतरत गेला. ज्या कृतीमागून समाधान येते ती कृती दृढ होते, असा नियम थॉर्नडाइकने त्यावरून मांडला. बी. एफ. स्किनर ह्यांनी १९३८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ह्या विचारास काटेकोर प्रयोगांचा आधार दिला. कृतीमागून येऊन तिला बळ देणाऱ्या गोष्टीस मराठीत ‘प्रबलन’ असे नाव रूढ आहे.

पुढे स्किनर व चार्ल्स फर्स्टर ह्यांच्या १९५७ च्या ग्रंथातून आणखी एक गोष्ट विस्ताराने पुढे आली. फळ दर वेळी न मिळता अधूनमधून मिळत राहिले, तर कृती अधिकच चिवट बनते. आकडा लावणारा माणूस बहुतेक दिवस हरतो. तरी एखाद्या दिवशीच्या जिंकण्यावर त्याचे व्यसन वर्षानुवर्षे जगते. मुलाच्या हट्टाचेही तसेच आहे. नऊ वेळा नकार देऊन दहाव्या वेळी कंटाळून होकार देणारी आई हट्ट मोडत नाही. हट्ट लांबवावा कसा, हे ती शिकविते.

हे ज्ञान प्रयोगशाळेतून वर्गात, घरात व रुग्णालयात आणणाऱ्या शाखेस ‘उपयोजित वर्तनविश्लेषण’ म्हणतात. १९६८ साली ह्या शाखेचे स्वतंत्र नियतकालिक निघाले. त्याच्या पहिल्याच अंकात कॅन्सस विद्यापीठातील डोनाल्ड बेअर, माँट्रोज वुल्फ व टॉड रिस्ली ह्यांनी तिच्या कसोट्या सांगितल्या. त्यांतील तीन शिक्षकाने ध्यानात ठेवाव्यात. बदलावयाचे वर्तन त्या व्यक्तीच्या जीवनास महत्त्वाचे असावे. ते मोजता यावे. आणि घडलेला बदल टिकावा व इतरत्रही दिसावा. केवळ शिक्षकाची सोय व्हावी म्हणून मुलास गप्प बसविणे पहिल्याच कसोटीस उतरत नाही.

‘खाली बसा’ ह्या आज्ञेचे फळ

त्याच १९६८ साली अमेरिकेतील पहिलीच्या एका वर्गातील प्रयोग प्रसिद्ध झाला. मुले वारंवार जागेवरून उठत आणि शिक्षिका त्यांना ‘खाली बसा’ म्हणत. संशोधकांनी ही आज्ञा अधिक वेळा देण्यास सांगितले, तेव्हा उठणाऱ्या मुलांचे प्रमाण घटले नाही, उलट वाढले. आज्ञा पूर्ववत् केल्यावर ते उतरले. आज्ञा पुन्हा वाढविताच पुन्हा चढले. अखेर जागेवर बसून काम करणाऱ्या मुलांची वाखाणणी सुरू केली, तेव्हा कोठे उठणे कमी झाले.

ह्या विचित्र निकालाचे स्पष्टीकरण साधे आहे. ‘खाली बसा’ म्हटल्याबरोबर मूल बसते, म्हणून शिक्षकास आपला उपाय लागू पडला असे वाटते. परंतु शिक्षकाने आपल्याकडे पाहिले, आपल्याशी बोलला, हेच त्या मुलाचे फळ असते. ते मिळाल्यामुळे थोड्या वेळाने ते पुन्हा उठते. येथे दोघांचेही प्रबलन होत असते. शिक्षकास क्षणभराची शांतता मिळते म्हणून त्याची ओरडण्याची सवय पक्की होते. मुलास लक्ष मिळते म्हणून त्याची उठण्याची सवय पक्की होते. परिणामाचा नियम मुलांना लागू आहे, तसा शिक्षकांनाही लागू आहे.

गावातील द्विशिक्षकी शाळेत एकाच शिक्षकापुढे दोन-तीन इयत्ता बसलेल्या असतात. तेथे शिक्षकाचे लक्ष हे सर्वांत दुर्मीळ धन होय. शांतपणे पाढे लिहिणाऱ्या मुलीकडे तासभर कोणी पाहत नाही आणि पाटी आपटणाऱ्या मुलाकडे शिक्षक तत्काळ धावतो. ह्या वर्गात काय केल्याने गुरुजी जवळ येतात, हे मुलांना कोणी सांगावे लागत नाही.

प्रथम नोंद, मग उपाय

उपायापूर्वी निदान हवे. ‘मुलगा वांड आहे’ हे निदान नव्हे. ती दूषणा झाली. ‘अर्ध्या तासाच्या वाचनपाठात तो सहा वेळा जागेवरून उठला’ हे वर्णन होय, कारण दुसऱ्या शिक्षकानेही पाहून मोजले तर तेवढेच भरेल. कागदावर तीन रकाने आखावेत: आधी काय घडले, मुलाने काय केले, नंतर काय झाले. आठवडाभर अशी टिपणे ठेवली म्हणजे खोडीचे फळ कोणते, ह्याचा बहुधा सुगावा लागतो. कधी ते इतरांचे लक्ष असते, कधी हवी ती वस्तू, कधी अंगास मिळणारी एखादी सुखद संवेदना, तर कधी नको असलेल्या कामातून सुटका. मात्र भूक, ताप, कमी दिसणे वा कमी ऐकू येणे ह्यांपैकी काही मुळाशी नाही ना, ह्याची खात्री सर्वांआधी करून घ्यावी.

समजा, दोन मुले वाचनाच्या वेळी सारखीच दंगा करतात. पहिल्याला वाचता येते. तो दंगा करतो तेव्हा वर्ग हसतो आणि शिक्षक त्याच्याकडे वळतो. दुसऱ्याला वाचता येत नाही. आपली पाळी जवळ आली की तो शेजाऱ्यास चिमटा काढतो आणि शिक्षक त्याला वर्गाबाहेर उभे करतो. शिक्षकाच्या दृष्टीने दोन्ही खोडी एकच. पहिल्यास लक्ष हवे आहे. दुसऱ्यास सर्वांसमोर होणाऱ्या फजितीतून सुटका हवी आहे, आणि वर्गाबाहेर काढून शिक्षकाने ती त्याच्या पदरात टाकली आहे. शिक्षा म्हणून दिलेली गोष्ट त्याला बक्षीस ठरली. अशी सुटका वर्षभर मिळत राहिली तर तो मुलगा चौथी पार करील, पण त्याला धड्याचा एक परिच्छेद वाचता येणार नाही. त्याचा उपाय वर्गाबाहेर नाही. त्याला जमेल असे दोन ओळींचे वाचन एकट्याने जवळ घेऊन करविणे, ‘गुरुजी, मला थोडी मदत हवी’ असे म्हणावयास शिकविणे आणि त्याने तसे म्हटल्याबरोबर मदत देणे, हा त्याचा उपाय आहे. फजिती टाळण्याचा हा मार्ग चिमट्यापेक्षा सोपा ठरला की चिमट्याची गरजच उरत नाही.

सवय लावण्याच्या काही रीती

पहिली रीत नेमक्या प्रशंसेची. ‘शाब्बास’ हा शब्द चांगला, पण तो कशासाठी हे मुलास कळले पाहिजे. ‘तू आज हात वर करून थांबलीस, मग बोललीस, हे छान झाले’ ह्या वाक्यात काय पुन्हा करावयाचे ते स्पष्ट आहे. प्रशंसा कृतीच्या मागोमाग यावी. शनिवारी केलेली सोमवारची स्तुती बळ देत नाही. लाजाळू मुलास चारचौघांतील कौतुक नकोसे वाटते. त्याच्या वहीवर लिहिलेला एक शब्द पुरतो.

दुसरी रीत पायरीपायरीने नेण्याची. जी मुलगी वर्गात बोलतच नाही, तिने एकदम कविता म्हणावी ही अपेक्षा धरू नये. आज तिने मान हलविली, ती मान्य करावी. चार दिवसांनी शेजारणीच्या कानात सांगितलेले उत्तर मान्य करावे. मग एका शब्दाचे, मग एका वाक्याचे. प्रत्येक पायरी पक्की झाल्यावरच पुढची मागावी.

तिसरी रीत कामाचे तुकडे करण्याची. पोषण आहारापूर्वी हात धुणे हे मोठ्यांना एक काम वाटते. लहान मुलास ती सहा-सात कामे असतात: बाही वर करणे, हात ओले करणे, साबण लावणे, बोटांच्या बेचक्या चोळणे, धुणे, पुसणे. कोणते मूल कोणत्या तुकड्याशी अडते ते पाहून तेवढाच तुकडा शिकवावा. प्रथम हात धरून करवावे, मग नुसते दाखवावे, मग खुणेने सुचवावे आणि अखेर खूणही सोडावी. सायकल शिकविणारा बाप मागचा हात कधीतरी सोडतोच. जो आधार वेळीच काढून घेतला जात नाही, तो आधार मुलास परावलंबी करतो.

चौथी रीत बेताने दुर्लक्ष करण्याची. लक्ष वेधण्यासाठी केलेल्या निरुपद्रवी चाळ्यांचे फळ काढून घेतले की ते कालांतराने मावळतात. परंतु येथे दोन इशारे आहेत. फळ बंद होताच खोड कधीकधी प्रथम वाढते. नळाला पाणी आले नाही तर माणूस तोटी अधिक जोराने पिळतो, तसेच हे आहे. त्या वाढीला घाबरून शिक्षक पुन्हा ओरडला, तर खोड पूर्वीपेक्षाही चिवट होते. दुसरा इशारा असा की दुर्लक्ष चाळ्याकडे करावयाचे, मुलाकडे नव्हे. तेच मूल पुढच्या क्षणी कामास लागले तर शिक्षकाने त्याच्याकडे आवर्जून वळावे. आणि जेथे कोणास इजा होण्याचा संभव आहे, तेथे दुर्लक्ष मुळीच चालणार नाही. आधी इजा थांबवावी.

छडी आणि बक्षीस

‘बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम, २००९’ ह्याच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ ह्या दोहोंस मनाई केली आहे. कायद्याची ही आज्ञा शास्त्राच्या निष्कर्षाशी जुळणारी आहे. छडीने वर्तन थांबते, पण पुष्कळदा छडी समोर असेतोवरच. काय करू नये एवढेच ती सांगते. काय करावे हे सांगत नाही. शिवाय भीती छडीपुरती राहत नाही. ती छडी धरणाऱ्या शिक्षकास, त्याच्या विषयास आणि शेवटी शाळेच्या दारास चिकटते. टोमणा, सर्वांसमोर केलेली नक्कल, घराण्याचा वा जातीचा उद्धार, ही देखील छडीचीच रूपे होत.

बक्षिसाबाबतही तारतम्य हवे. १९७३ साली मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन व रिचर्ड निस्बेट ह्यांनी चित्रे काढण्याची आवड असलेल्या बालवाडीतील मुलांवर प्रयोग केला. चित्र काढल्यास प्रमाणपत्र मिळेल असे ज्यांना आधीच सांगितले होते, त्या मुलांनी पुढे मोकळ्या वेळात चित्रे काढण्यात पूर्वीपेक्षा कमी रस घेतला. ज्यांना तेच प्रमाणपत्र अवचित मिळाले, त्यांची आवड घटली नाही. तात्पर्य, जे काम मूल आवडीने करते त्यास बक्षिसाचे आमिष लावू नये. जे सुरूच होत नाही त्यासाठी खडूने काढलेली चांदणी, खेळाची पाच मिनिटे, वा ग्रंथपेटीतून प्रथम पुस्तक निवडण्याचा मान असे छोटे प्रबलन द्यावे आणि काम रुळू लागताच ते विरळ करीत जावे. वाचता येऊ लागल्यावर गोष्ट कळण्याचा आनंद हेच वाचनाचे खरे फळ होय; तेथवर पोहोचण्यासाठीच चांदणीचा आधार.

बोर्डी–कोसबाडचा धडा

मुलाचे वर्तन बदलावयाचे तर त्याची परिस्थिती आधी बदलून पाहावी, हा विचार महाराष्ट्रास नवा नाही. १९४५ साली ताराबाई मोडक ह्यांनी बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य सुरू केले. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. पुढे हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. तो भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता. २०१४ पासून तो पालघर जिल्ह्यात आहे. आदिवासी पाड्यांवरील मुले बालवाडीत येत नाहीत, असे दिसले तेव्हा ‘ह्या लोकांना शिक्षणाची गोडी नाही’ असा शेरा मारून ह्या दोघी स्वस्थ बसल्या नाहीत. मुले बालवाडीत येत नसतील तर बालवाडीने मुलांच्या अंगणात जावे, असे त्यांनी ठरविले, हीच अंगणवाडी. मोठी मुले गुरांमागे रानात जातात, म्हणून त्यांच्यासाठी कुरणशाळा भरली. १९७५ साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेतील केंद्रांमुळे अंगणवाडी हा शब्द पुढे देशभर गेला.

ताराबाई ह्या माँटेसरी व गिजुभाई बधेका ह्यांच्या परंपरेतील. त्या परंपरेत बक्षीस व शिक्षा ह्या दोहोंना स्थान नाही, आणि स्किनरच्या विचाराशी तिचा मतभेद मोठा आहे. तरीही एका गोष्टीवर दोन्ही विचार एक होतात: मूल अपेक्षेप्रमाणे वागत नसेल, तर दोष प्रथम व्यवस्थेत शोधावा.

कुरुंद्याचा आणि एकूण वसमत तालुक्याचा परिसर हळदीचा आहे; वसमतच्या हळदीस २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. हळदीची काढणी, शिजवणी व वाळवणी सुरू झाली की घरातील मोठी माणसे दिवसभर कामात अडकतात आणि धाकट्या भावंडांस सांभाळण्याचे काम शाळेतील मुलीवर येते. अशी मुलगी पंधरा दिवसांनी वर्गात आली असता तिला पहिला प्रश्न कोणता विचारला जातो? ‘इतके दिवस कोठे होतीस?’ त्यामागून वर्गाचे हसू आणि न समजणारे गणित येते. शाळेत येण्याचे फळ लाज, आणि घरी राहण्याचे फळ सुटका! परिणामाचा नियम माहीत असलेल्या शिक्षकास सोळाव्या दिवशी ती का आली नाही, हे विचारावे लागणार नाही. त्याऐवजी तिची जागा तशीच ठेवावी, ‘आलीस, बरे झाले’ एवढेच म्हणावे, पहिल्या तासास तिला खात्रीने येणारे उदाहरण द्यावे, आणि राहिलेला भाग भरून काढण्यास एक हुशार मैत्रीण जोडून द्यावी. त्यास एक पैचाही खर्च नाही.

विशेष गरजा असलेली मुले

बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या शिक्षणात ह्या रीतींचा मोठा उपयोग झाला आहे. सिकंदराबाद येथे १९८४ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय संस्थेने १९९२ साली वर्तनपद्धतीने शिकविण्याची शिक्षकांसाठी मार्गदर्शिकाच प्रसिद्ध केली. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने स्वमग्नतेचाही दिव्यांगत्वात समावेश केला आहे. त्यामुळे अशी मुले गावच्या शाळेतही येत आहेत व यावीत.

परंतु ह्या शास्त्राच्या इतिहासात एक काळे पानही आहे. १९६० च्या दशकात अमेरिकेत काही ठिकाणी स्वमग्न मुलांवर चपराक व विजेचा धक्कादेखील वापरला गेला. आज मोठे झालेले अनेक स्वमग्न लोक सांगतात की त्यांना इतरांसारखे दिसावयास लावण्याचा अट्टाहास पीडादायक होता. त्यांचे म्हणणे शिक्षकाने ऐकावे. एखादे मूल हात हलवीत बसते, डोळ्याला डोळा देत नाही. त्यापासून कोणास उपद्रव नसेल तर ते मोडण्याचे कारण नाही. तहान लागली हे सांगता येणे, शौचास जाता येणे, मित्र मिळणे हे त्याच्या जीवनास महत्त्वाचे. शक्ती तेथे खर्चावी. अशा मुलासाठी पालकांशी व गटसाधन केंद्रातील विशेष शिक्षकाशी विचारविनिमय करूनच पुढे जावे.

एक महिन्याचा प्रयोग

बंधुभगिनींनो, व्याख्यानाने शिक्षकाचेही वर्तन बदलत नाही. त्यालाही पायरीपायरीनेच जावे लागते. म्हणून प्रत्येक शिक्षकाने येत्या महिन्यात एकच मूल घ्यावे, शक्यतो ज्याच्या नावावर मनात रेघ ओढली गेली आहे असे. त्याचे एकच वर्तन निवडावे. पहिल्या आठवड्यात काहीही न बदलता केवळ मोजावे व तीन रकाने भरावेत. दुसऱ्या व तिसऱ्या आठवड्यात एकच उपाय करावा आणि मोजणी चालू ठेवावी. चौथ्या आठवड्यात आधार थोडा विरळ करून पाहावा. त्याच कागदाच्या कडेला, आज त्या मुलाचे आपण किती वेळा कौतुक केले व किती वेळा त्याच्यावर ओरडलो, ह्याच्याही काड्या माराव्यात. आकडा उतरला नाही, तर मुलास दोष देऊ नये. निवडलेले फळ चुकले असे समजून नोंद पुन्हा वाचावी.

पुढील मासिक सभेस येताना प्रत्येकाने हा कागद बरोबर आणावा. त्यावर मुलाचे नाव घालू नये. वर्तन, उपाय व आकडे एवढेच असावे. कोणता उपाय फसला हेही मोकळेपणाने सांगावे, कारण त्यातून शेजारच्या शाळेतील शिक्षकाचे श्रम वाचतील.